पिवळं दार

शनिवारी दुपारी मी दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलो. दारात चपला काढल्या, भाजीची पिशवी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसून पाय लांब केले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणालो, पाणी दे गं. पाणी आलं. तांब्याभर, माठातलं, गार. मी गटागटा प्यालो, तोंड पुसलं आणि समोरच्या भिंतीकडं बघितलं, तर तिथं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो नव्हता. त्या जागी औंढ्याच्या नागनाथाचा फोटो होता, त्याला दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. आता शहाण्या माणसाच्या मनात अशा वेळी काय यावं? आपण घर चुकलो, असं. माझ्या मनात आलं, हा फोटो कुणी बदलला? आणि रागच आला मला. करुणाला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारून विचारणार होतो की माझ्या माघारी हे काय चालवलंयस तू. वड्याचं तेल वांग्यावर काढायची मला खोडच आहे. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात तांब्या घ्यायला एक हात पुढं आला, त्यात हिरव्या बांगड्या गच्च भरलेल्या. करुणा प्राथमिक शाळेत शिकवते, तिच्या हातात घड्याळाशिवाय काही नसतं. मी मान वर केली. समोर शिवकन्याकाकू उभ्या होत्या, आमच्याच ओळीतल्या, आमच्या पुढं दोन घरं सोडून राहणाऱ्या. मी ताडकन उभा राहिलो. काकू मात्र शांत. चहा टाकू का सर, एवढंच त्यांनी विचारलं. मी हसलो, हसल्यासारखं केलं, म्हणालो, चुकलो बरं का काकू, उन्हानं डोकं फिरलंय. त्यावर त्या म्हणाल्या, व्हतंय, घरं का येगळी हायेत. आणि माझ्यामागं फाटकापर्यंत आल्या, मी माझ्या फाटकात शिरेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

तसं त्यांचं खोटं नव्हतं. हिंगोलीच्या या टोकाला एकाच ठेकेदारानं ही ओळ बांधली, सगळ्या घरांना सारखंच लोखंडी फाटक, सारखीच सिमेंटची जाळी, पायरीला सारखीच काळी फरशी. राहायला आलो तेव्हा मीच म्हणायचो की ठेकेदारानं एक घर बांधलं आणि बाकीच्यांची झेरॉक्स काढली. तेव्हा चुकणारे पुष्कळ होते, पोस्टमन चुकायचा, गॅसवाला चुकायचा, आणि सगळ्या ओळीला त्याचं हसू यायचं. पण आता आमचं दार तरी वेगळं आहे. दसऱ्याच्या आधी करुणानं ते पिवळं रंगवून घेतलं. साधं पिवळं नाही, डोळ्यात भरणारं. मी किती चिडलो होतो, म्हणालो, हे घर आहे का हळदीचं दुकान, मार्केट यार्डातले व्यापारी विचारत येतील भाव काय म्हणून. ती पेंटरला म्हणाली, दुसरा हात मार. शिवकन्याकाकूंचे मालक वैजनाथराव संध्याकाळी फिरायला निघाले की दारापुढं थांबून म्हणायचे, बराबर दिसून राहिलं सर, लांबून दिसून राहिलं. मला वाटायचं, म्हातारा खेचतोय आपली. त्या पिवळ्या दारातून मी शनिवारी घरात शिरलो आणि आधी भिंत बघितली. बुद्ध होते, बाबासाहेब होते, फोटोच्या काचेत मी होतो. करुणा आतून म्हणाली, मेथी आणली का? तेव्हा कळलं की पिशवी तिकडंच राहिली. मी म्हणालो, विसरलो. खोटं बोललो असंही नाही, आणि खरं बोललो असंही नाही. ती दारात येऊन माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिली, मग आत गेली. मी दिवाणावर आडवा झालो.  कॉलेजात कुणाला कळलं तर? विद्यार्थ्यांना तर आयतीच मजा. माशी-सर घर चुकले.

माशी-सर हे माझं कॉलेजातलं नाव. खरं नाव रत्नपाल, विषय प्राणिशास्त्र, आणि पीएच.डी.साठी मी मधमाश्यांच्या आठवणीवर काम करतो. लोकांना हे ऐकून हसू येतं, माशीला कसली आठवण म्हणतात. असते. माशी शिकते आणि शिकलेलं लक्षात ठेवते. मी पेटीतून माश्या आणतो, बर्फावर ठेवून त्यांना जरा गुंगवतो, मग थंड पेयाची नळी कापून एकेका तुकड्यात एकेक माशी बसवतो, नुसतं डोकं बाहेर. ती शुद्धीवर आली, भूक लागली, की तिच्या मिशांवर लवंगेचा वास सोडतो आणि लगेच साखरपाण्याची काडी लावतो. ती सोंड बाहेर काढते. पुन्हा वास, पुन्हा साखर. काही वेळा असं केलं की नुसत्या वासालाच सोंड बाहेर येते, साखर नसली तरी. दुसऱ्या दिवशीही येते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढासा जीव आणि मी दिलेली गोष्ट रात्रभर सांभाळून ठेवतो. आता दुसऱ्या टोपलीतल्या माश्या. त्यांच्या साखरपाण्यात मी आधी काही दिवस फवारणीच्या औषधाचा कण घालतो, मरतील एवढा नाही, फवारलेल्या फुलातून सहज पोटात जाईल एवढाच. त्या मरत नाहीत. उडतात, खातात, अंग साफ करतात, बघणाऱ्याला काही कळणार नाही. पण लवंग लावली की त्या तशाच बसून राहतात. काही जणी शिकतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिशांवर मी लवंग सोडतो तेव्हा लवंग नावाची गोष्ट जगात पहिल्यांदाच आली असं त्यांचं वागणं असतं. मी वहीत खूण करतो. वर्षानुवर्षं खुणा करतोय. मेलेल्या माश्यांचं दुःख सगळ्यांना होतं, या जिवंतांचं कुणाला होत नाही, असं एक वाक्य मी भाषणातही टाकतो. टाळ्या मिळतात.

आणि रानात काय होतं तेही मला पाठ आहे. अशी माशी तुरीच्या फुलावर जाते, पोट भरते, आणि परत फिरताना तिला वाट सापडत नाही. काही तशाच कुठंतरी बसून राहतात. काही दुसऱ्याच पेटीत शिरतात. पेटीच्या दारात पहारा असतो, पण रस घेऊन आलेल्या माशीला पहारेकरी सहसा अडवत नाहीत, रिकामी आली तर हुसकतात. आत घेतात, तिचा रस उतरवून घेतात, ती आपलीच पेटी समजून राहते. आपल्या पेटीत तिची वाट बघणारं कुणी नसतं, पेटीत कुणी कुणाची मोजदाद ठेवत नाही. मी हे सगळं दिवाणावर पडल्या पडल्या आठवत होतो आणि एकदम उठून बसलो. मी पिशवी घेऊन गेलो होतो. भरली पिशवी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसलो, पाणी दे गं म्हणालो. आणि काकूंनी मला अडवलं नाही. दुसऱ्याचा नवरा तुमच्या खुर्चीत बसून पाणी मागतो, तर बाई दचकेल, विचारेल, निदान हसेल. काकू दचकल्या नाहीत. पाण्याला आलेल्या माणसाला आपल्याकडं आधी पाणी देतात, मग विचारतात, हे खरं. पण त्यांनी नंतरही काही विचारलं नाही.

साप साप म्हणून भुई धोपटायची नाही, असं मी स्वतःला बजावलं. माझं वय चाळिशीच्या पुढं, सतरा ठिकाणच्या काळज्या, झोप कमी, ऊन. एका माशीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी पोरांना पहिल्या तासाला शिकवतो. ज्यांना औषध दिलं त्यांच्या शेजारी न दिलेल्यांची टोपली लागते, तरच बोलता येतं. माझी दुसरी टोपली कुठं आहे? कधीच न फवारलेला रत्नपाल कुठं आहे, की त्याला आणून माझ्याशेजारी बसवावं आणि विचारावं, बाबा रे, तुझं घर कोणतं? तो नाही. कारण मी आठवीपासून फवारत होतो. गावाकडं, शिरड शहापूरला, आम्हाला पोटापुरतंही रान नव्हतं. माझे वडील रामजी दुसऱ्यांच्या कापसावर, तुरीवर फवारायला जायचे आणि सुट्टीत मी त्यांच्यासोबत. पाठीवर पंप, तोंडाला आईच्या लुगड्याचा तुकडा, पाय उघडे. पंपाच्या नळीच्या टोकाला पितळी नोझल असतं, त्याचं भोक सुईएवढं. पाण्यात कचरा असला की ते तुंबायचं आणि फवारा तुटायचा. तार शोधत कोण बसणार? तोंडावरचं फडकं खाली ओढायचं, नोझल काढायचं, ओठाला लावायचं आणि फुंकायचं. सगळेच फुंकायचे. आमच्याकडं फवारणारा असा एक माणूस दाखवा की ज्यानं नोझल फुंकलं नाही. आणि माझी फुंकर सगळ्यात जोरदार होती. मोठी माणसं आपली तुंबलेली नोझलं घेऊन माझ्याकडं यायची, म्हणायची, रत्न्या, फुंक रे जरा. मला त्याचा केवढा अभिमान. शाळेत मला कुणी एवढ्या मानानं बोलावलं नव्हतं. जिभेवर कडूजहर चव यायची, ओठ बधिर व्हायचे, टोकाला मुंग्या. मग बाबा म्हणायचे, थुक, आन हे खा, आणि बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घालायचे. गुळानं विष उतरतं असं सगळे म्हणायचे.

कडू, मग गूळ. पुन्हा कडू, पुन्हा गूळ. मी इतकी वर्षं लवंग आणि साखरपाणी घेऊन बसलोय आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आजसुद्धा बाजारात औषधाच्या दुकानावरून जाताना तो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. शपथेवर सांगतो. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावतात आणि माझी जीभ आतल्या आत गूळ शोधते. ते मी विसरलेलो नाही. घर विसरलो, हे विसरलो नाही. मी दिवाणावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, कारण नुसत्या आठवणीनंही तोंडात पाणी जमायला लागलं होतं आणि मला माझ्याच तोंडाची भीती वाटली. नळीत बसवलेल्या माशीचं डोकं मी जवळून बघितलंय. तिची सोंड बाहेर येते तेव्हा तिला विचारून येत नाही.

आणि मग बाबा आठवले. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बाबा वस्तीच्या तोंडाशी, विहाराच्या पायरीजवळ येऊन उभे राहायचे. तिथून घर दिसायचं. पण उभे राहायचे, कुणीतरी बोलवायची वाट बघत असावेत तसे. मग कुणीही यायचं, पाणी द्यायचं, चला दादा म्हणून हाताला धरून आणून सोडायचं. रोजचं झालं होतं. आई म्हणायची, म्हातारपण, दुसरं काय. आम्ही सगळे म्हणायचो म्हातारपण. बाबा गेले तेव्हा साठीचेही नव्हते. साठीच्या आत कसलं म्हातारपण? त्या वेळी हा प्रश्न एम.एस्सी. झालेल्या माणसाला पडायला पाहिजे होता की नाही? नांदेडला दाखवायला गेलो तर डॉक्टर काय बोलतील, ते मला आत्ताच ऐकू येऊ लागलं. म्हणतील, कारणं पुष्कळ असू शकतात, एकाकडं बोट दाखवता येत नाही. बरोबरच आहे. मीही तेच लिहितो माझ्या प्रबंधात, आवरून सावरून, संभवते, आढळते, अधिक अभ्यासाची गरज आहे. पण या घडीला माझ्या काळजाला अधिक अभ्यासाची गरज वाटत नव्हती. मी ठरवलं, करुणाला सांगायचं नाही. आपलं आपल्यापाशी. सोमवारी गुपचूप डॉक्टरला गाठायचं, तोवर रस्त्यानं घरं मोजत यायचं. एकदाच तर झालंय. माणूस एकदा चुकतो. एकदाच झालंय ते मोठं करायचं नाही.

फाटक वाजलं. करुणा घरात नव्हती हे मला तेव्हाच कळलं. चपला न घालता कधी बाहेर गेली, कळलं नाही. ती आत आली, तिच्या हातात माझी पिशवी होती. मेथीची जुडी वर दिसत होती, जरा मान टाकलेली. तिनं परात घेतली, खाली फरशीवर बसली, जुडीची सुतळी सोडली आणि मेथी निवडायला लागली. माझ्याकडं बघितलं नाही. मी पिशवीकडं बघत होतो. मी तिला सांगितलं नव्हतं की पिशवी कुठं राहिली. मी तर विसरलो म्हणालो होतो, बाजारातून आणलीच नाही असा त्याचा अर्थ होतो. फोन वाजला नव्हता. काकू आल्या नव्हत्या. 

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“कळलं.”

“काकूंनी सांगितलं?”

“आज न्हाई सांगितलं.” ती पानं खुडत राहिली.

आज नाही. हे दोन शब्द माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मी विचारलं, कधीपासून.  ती म्हणाली, पोळ्यापासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी पयल्यांदा गेले काकूंकडं, पाणी पिले, आन तिथंच पेपर वाचत बसले. मी आणायला आले तर माझ्यावरच रागावले, म्हणले, तू बाहेरून काहून येऊन राहिली. मी तिला थांबवलं. असं काही झालेलं नव्हतं. मला पोळा आठवत होता, कॉलेजच्या मागच्या वस्तीत सजवलेले बैल आठवत होते, त्या दिवशीचं वरण आठवत होतं. हे आठवत नव्हतं. ती म्हणाली, मग गणपतीत. मग एकदा प्रेमदासभाऊंकडं, ओळीच्या शेवटच्या घरी. मग दिवाळीच्या आधी पुन्हा काकूंकडं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती दुसऱ्या कुठल्या माणसाबद्दल बोलतेय आणि आता हसून सांगेल असं मला वाटत होतं. ती हसली नाही. मी आठवणीत हात घालत होतो, आणि हाताला काहीच लागत नव्हतं. नुसतं विसरलो असतो तरी एखादं टोक सापडलं असतं. इथं टोकसुद्धा नव्हतं. लवंग जगात पहिल्यांदाच आली होती.

मी उठलो आणि दाराशी गेलो. ऊन कललं होतं, पिवळा रंग भडक दिसत होता, एका कोपऱ्यात ब्रशचा केस चिकटून वाळला होता. मी त्यावर बोट फिरवलं.

“दार काहून रंगवलं गं?”

करुणाचे हात थांबले. “तुमीच म्हणले होते ना. शेजारी शेजारी सारख्या पेट्या ठेवल्या की माश्या घर चुकतात, मग पेट्यांना येगळा येगळा रंग द्यावा लागतो. लाल त्यांना दिसत न्हाई म्हणले होते, म्हणून पिवळा दिला.”

मी कधीतरी जेवताना सांगितलं असेल. ती ऐकते असं मला वाटत नसे, हूं हूं करते आणि पोळी वाढते असं वाटायचं. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. रडू आलं मला, सरळ, लहान पोरासारखं, आणि ते मी लपवलं नाही. म्हणालो, आज या दारावरून गेलो मी. चौकातून येताना हे आधी लागतं, मग काकूंचं. या दारासमोरून गेलो आणि मला पिवळं दिसलंच नाही.  ती हळू म्हणाली, जाऊ द्या. समद्या ओळीला सांगून ठेवलंय मी. पाणी द्या, च्या इचारा, आन कायबी न बोलता फाटकापर्यंत आणून सोडा, त्यांना वाईट वाटतं. शिवकन्याकाकू, वैजनाथराव, प्रेमदासभाऊ, सगळे. मी सगळ्यांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणले. रोज सकाळी फाटकाफाटकातून निघाले का सर म्हणणारे, संध्याकाळी आले का सर म्हणणारे. मला वाटायचं, माणसं मायाळू आहेत, हिंगोली अजून शहर झालेलं नाही. लांबून दिसून राहिलं सर, असं म्हणणारा म्हातारा. विहाराच्या पायरीवर उभे असलेले बाबा, आणि त्यांना पाणी आणून देणारी वस्ती. बाबांना हे माहीत होतं का? की त्यांनाही वाटायचं, माणसं मायाळू आहेत?

डॉक्टरकडं जाऊ, ती म्हणाली, नांदेडला, मी रजा टाकलीय मंगळवारची. बरं म्हणालो. मग तिनं परात दोघांच्या मध्ये ओढली, काड्यांसाठी शेजारी कागद पसरला, अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली, म्हणाली, बसा, निवडा, रिकामं बसलं की डोकं फिरतं. मला बरं वाटलं. हाताला काम मिळालं. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि मेथी निवडायला लागलो. लहानपणापासून करतोय, त्यात काय. पानं खुडायची, काड्या बाजूला. ओल्या मेथीचा वास येत होता, बाहेर वैजनाथराव कुणाशी तरी बोलत होते. माझे हात भराभर चालले होते, मी तिला म्हणालोसुद्धा की बघ, तुझ्यापेक्षा आधी होईल माझं. तिनं मान वर केली. परातीकडं बघितलं, मग शेजारच्या कागदाकडं बघितलं.  कागद हलकेच आपल्याकडं ओढून घेतला आणि त्यावरची मी टाकलेली पानं वेचून परातीत घालू लागली. परातीतल्या काड्या तिनं एकेक करून बाहेर काढल्या.